काटे, मुरूम आणि पहिली एक्ससी शर्यत: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात क्रॉस-कंट्री म्हणजे एक्ससी शर्यत काय असते ते लिहिलं होतं. डोंगरातला नाहीतर शेतरस्त्यातला ठरावीक फेरा, सगळे एकदम सुटतात आणि तोच फेरा पुन्हा पुन्हा मारायचा, मोठ्यांच्या गटाला साधारण दीड तास लागेल एवढा, नवख्यांना त्याहून कमी. त्यानंतर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आली आणि बहुतेकांचं विचारणं एकच, की सायकलवर आता काय नवीन बसवू. निवडक पत्रं घेतोय.

प्रश्न (चोपडा): दादा, मी कॉलेजला आहे. साधी हार्डटेल (मागे शॉकअप नसलेली) आहे, २९ इंची चाक, पुढे ३ मागे ८ गिअर, स्प्रिंगचा फोर्क (पुढचा शॉकअप), वायरचे डिस्क ब्रेक. थंडीत पहिली शर्यत खेळायची आहे. १० हजार जमवलेत. सगळे मित्र म्हणतात एअर फोर्क टाक. टाकू का?

उत्तर: नको भो, आत्ता नको. एअर फोर्क, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेवर दबणारा, वाईट म्हणून नाही, चांगलीच वस्तू आहे, पण तुझ्या सायकलला तो सरळ बसेलच असं नाही. साध्या फ्रेममध्ये फोर्कची दांडी वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची लागते आणि आता येणारे बरेचसे चांगले फोर्क खाली जाड होत जाणाऱ्या दांडीचे असतात, शिवाय तुझं पुढचं चाक बहुतेक ९ मिमीच्या क्विक रिलीजचं (दांडा फिरवून सुटणारं) असणार आणि नवीन फोर्कला १५ मिमीचा थ्रू-अॅक्सल (आरपार जाणारा जाड अॅक्सल) अन ११० मिमी रुंदीचा हब (चाकाचा मधला तुंबा) लागतो, म्हणजे फोर्कमागे हब आला, हबमागे चाक आलं, तुझे १० हजार तिथेच संपले आणि टायर मात्र तोच गुळगुळीत कडक रबराचा राहिला जो पहिल्या मुरमाड वळणावर सटकणार.

पहिला पैसा टायरला. आपल्याकडची जमीन बघ ना, सातपुड्याच्या पायथ्याला असो की धुळ्याकडच्या माळावर, खाली टणक आणि वर सुटा मुरूम, मधे मधे काळा दगड, वरून बोटभर धूळ. अशा ठिकाणी २.२ ते २.२५ इंच रुंदीचा टायर घे, मधल्या गुट्ट्या बुटक्या आणि जवळ जवळ, कडेच्या जरा मोठ्या. पुढे जास्त पकडीचा, मागे जास्त पळणारा, दोन्ही सारखेच घ्यायची काही गरज नाही. पुढचं चाक सटकलं तर तू पडतोस, मागचं सटकलं तर बऱ्याचदा सावरतोस, म्हणून पैसे कमी पडले तर आधी पुढचाच बदल. घेण्याआधी फ्रेममध्ये मागे दोन्ही बाजूंना किती जागा उरते ते बघ, ५-६ मिमी तरी मोकळी पाहिजे, नाहीतर चाक थोडं वाकडं झालं की टायर घासायला लागतो.

आणि हवा कमी कर, हे फुकटातलं आहे आणि सगळ्यात जास्त फरक पाडणारं. आपल्याकडे सवय अशी की अंगठ्याने दाबलं आणि दबलं नाही म्हणजे हवा बरोबर, ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून पोरं खडकावर उडत जातात. तुझं वजन ६५ किलोच्या आसपास असेल तर ट्यूब असताना २८ ते ३२ मधे सुरुवात कर, पुढे मागच्यापेक्षा २ कमी. मग एकच वळणावळणाचा तुकडा निवड आणि दर वेळी २-२ ने कमी करत तोच मारून बघ. रिम दगडाला ठकठक लागायला लागली किंवा वळणात टायर खालून दुमडल्यासारखा वाटला की २ वर घे, तोच तुझा आकडा, लिहून ठेव. ट्यूबला जोडीने दोन भोकं पडलेली दिसली तर तो काटा नाही, हवा कमी होती म्हणून ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेमटली. हवा अशी मोजून भरायला मीटर असलेला उभा पंप घ्यावा लागेल. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर एवढ्या कमी हवेसाठी भरवसा ठेवू नकोस, तो मोटारीसाठी आहे.

उरलेल्या पैशात ब्रेक. आधी नवीन वायर, नवीन आउटर, नवीन पॅड एवढंच करून बघ, बऱ्याच वायरच्या ब्रेकमध्ये यानेच जीव येतो. तरी उतारावर बोटं दुखत असतील तर हायड्रॉलिक, म्हणजे वायरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, घे, शिमानो कंपनीचे साधे एमटी२०० सुद्धा एका बोटात थांबवतात. फक्त त्याच्याबरोबर जी चकती येते तिच्यावर रेझिन पॅडच वापरायचे असं छापलेलं असतं, तिथे मेटलचे पॅड घातले तर चकती खराब होते. आणि चेनला स्प्रे मारताना चकतीवर उडू देऊ नकोस, एकदा पॅडने तेल प्यायलं की तो ब्रेक ओरडतो आणि लागत नाही, मग पॅड बदलल्याशिवाय इलाज नाही.

हलकं करायचा विचार असेल तर हा हिशोब बघ. तू, सायकल आणि पाणी मिळून ८० किलो धरू. सायकल १ किलोने हलकी केली तर वजन सव्वा टक्का कमी झालं, म्हणजे १० मिनिटांच्या कडक चढावर साधारण ७ सेकंद वाचले. ७ सेकंद चांगलेच आहेत, नाही म्हणत नाही, पण एका पंक्चरला ५ मिनिटं जातात आणि एकदा पडलास तर गुडघा घेऊन घरी.

प्रश्न (धुळे): आम्ही तीन-चार जण लळिंगच्या बाजूला सराव करतो. दर रविवारी कोणाचं तरी पंक्चर, कधी कधी एकाच चाकात चार काटे. ट्यूबलेस केलं तर सुटका होईल का? आमच्या साध्या रिमवर होईल का?

उत्तर: बाभूळ, बोर, हिवर आणि खाली जमिनीवर सराटे, या चौघांच्या राज्यात सायकल चालवायची तर ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब न घालता टायरच रिमवर हवाबंद बसवणं, हीच सगळ्यात मोठी सुधारणा आहे, माझं तर म्हणणं एक्ससी खेळणाऱ्या खान्देशातल्या माणसाने बाकी काही नाही केलं तरी चालेल पण हे करावं.

पण आधी रिम. रिमवर ट्यूबलेस रेडी लिहिलेलं असेल आणि टायरवरही तसंच असेल तरच करा. साध्या रिमला आतून टेप मारून जुगाड करणारे खूप आहेत, पण साध्या रिमला टायरची कडा धरून ठेवणारी खाच नसते, कमी हवेत जोरात वळताना कडा सुटली तर एका क्षणात सगळी हवा जाते आणि तुम्ही जमिनीवर. तो जुगाड उतारावर करू नका.

बसवायचं कसं तर रिमवरचं भोकन् भोक झाकेल अशी ट्यूबलेस टेप ताणून लावायची, व्हॉल्व बसवायचा, टायर चढवून कडांना साबणाचं पाणी फासायचं, व्हॉल्वच्या आतली सुई काढायची आणि एकदम भसकन हवा भरायची. हातपंपाने बऱ्याचदा होत नाही, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर कामाला येतो, मात्र त्याची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्वची असते आणि ट्यूबलेसचा व्हॉल्व बारीक, म्हणून पितळी अॅडॉप्टर खिशात ठेवा, वीस-पन्नास रुपयांच्या वस्तूसाठी काम अडतं. हवा भरताना टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. कडा बसताना फाट फाट आवाज येतो, तो आला की हवा सोडून द्या, व्हॉल्वमधून सीलंट (भोक आतून बुजवणारं पातळ औषध) घाला, २९ च्या २.२५ टायरला ९० ते १०० मिली, सुई परत लावा, हवा भरा, चाक हलवा आणि बादलीवर आडवं ठेवा, थोड्या वेळाने उलटं. बाजूने बुडबुडे यायचे थांबले की झालं. आता ६५-७० किलोच्या माणसाला २२ ते २५ पीएसआयवर चालवता येतं, कारण चेमटायला आत ट्यूबच नाही.

आपल्याकडची खरी अडचण उन्हाळा. बहुतेक सीलंट रबराच्या चिकाचं असतं, ते कुठेही सुकतंच, पण एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो आणि सायकल पत्र्याच्या शेडमध्ये असते तेव्हा ते फार लवकर सुकतं. कंपनी दोन-चार महिने सांगते, उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. चाक काढून कानाजवळ हलवायचं, आत खळखळ वाजलं तर आहे, नाही वाजलं तर आत रबराची साय झालीये, नवीन घाला.

शर्यतीत टायरमध्ये काटा दिसला तर उपटू नका, राहू द्या, तोच भोक बुजवून बसलाय. घरी आल्यावर पकडीने काढा आणि भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवा. दगडाने मोठी चीर पडली तर सीलंटला जमत नाही, तिथे रबरी दोऱ्याचा प्लग सुईने खुपसायचा. तरीही एक ट्यूब बरोबर हवीच. आणि ती घालायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढा, कारण ट्यूबलेसमध्ये आठवडे आठवडे रुतलेले काटे तुम्हाला कळलेलेच नसतात आणि ते सगळे नवीन ट्यूबची वाटच बघत असतात. सराट्याचं टोक तर रबरात मोडून बसतं, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतं तेव्हा रक्त काढतं, त्याला सोपा उपाय म्हणजे कापसाचा बोळा आतून फिरवा, जिथे तंतू अडकतील तिथे काटा.

ज्यांची रिम साधी आहे त्यांनी सुई निघणाऱ्या व्हॉल्वची ट्यूब घेऊन त्यातच सीलंट घालावं. ट्यूबलेसएवढं नाही, पण रविवार वाचतो.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या एक्ससी शर्यतीत ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचं पुढचं चाक शर्यतीच्या मधेच पंक्चर झालं, चाक बदलण्यात अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला आणि तरी शेवटच्या फेरीत पुढे काढून सोनं घेतलं. पण तिथे ठरलेल्या जागी त्याचा मेकॅनिक चाक घेऊन उभा होता. आपल्या शर्यतीत आपला मेकॅनिक आपणच.

प्रश्न (जळगाव): माझी मुलगी १४ वर्षांची आहे, उंची १५२ सेंमी, वजन ४० किलो. तिला शर्यत खेळायची फार हौस आहे. दुकानदार म्हणतो मीडियम साइज घ्या, पुढे उंच होईल. कार्बनची पण सांगतो. काय करावं?

उत्तर: ताई, मीडियम अजिबात घेऊ नका. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतो तशी सायकल घेता येत नाही. मोठ्या फ्रेमवर तिचे हात ताणलेले राहणार, ब्रेकचा दांडा बोटात येणार नाही, आणि नेमकं उतारावर, जिथे अंग मागे न्यायचं असतं, तिथे सीट आडवी येणार. १५२ सेंमीला एक्सएस किंवा लहान एस, म्हणजे साधारण साडेतेरा ते १५ इंचाची फ्रेम. चाक २७.५ चं चालेल, २६ चं मिळालं तरी कमीपणा मानू नका. दुकानात तिला फ्रेमची वरची दांडी दोन पायांच्या मधे घेऊन, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी करा, दांडी आणि तिच्या अंगाच्या मधे ५ सेंमी तरी मोकळे पाहिजेत. ब्रेकच्या दांड्यापाशी एक बारीक स्क्रू असतो, त्याने दांडा हँडलच्या जवळ आणता येतो, दुकानदाराला तो तिच्या बोटांप्रमाणे लावून द्यायला सांगा, बहुतेक मुलींच्या सायकलींचा तो कोणी कधी फिरवलेलाच नसतो.

वजनाचं वर चोपड्याच्या पोराला जे सांगितलं ते तिला लागू नाही. ४० किलोच्या मुलीला १३ किलोची सायकल म्हणजे तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा, चढावर ती ओझंच ओढत असते. म्हणून हलकी पाहिजे, पण त्यासाठी कार्बन नको, ती दोन वर्षांत उंच होणार आणि सायकल बदलावी लागणार. चांगली अॅल्युमिनियमची बघा, आणि स्वस्त स्प्रिंगचा फोर्क असेल तर त्यापेक्षा बिनशॉकअपचा साधा अॅल्युमिनियमचा फोर्क बरा, एवढ्या कमी वजनाने ती स्प्रिंग धड दबतही नाही आणि किलोभर वजन उगाच फिरतं. टायरमध्ये हवा पण तिच्या वजनाची, ट्यूब असेल तर २२-२४ पासून सुरू करा.

सेकंडहँड मिळाली तर जरूर घ्या, फक्त हँडलखालच्या आणि पॅडलच्या जागेच्या जोडांवर रंगाला बारीक तडा दिसतोय का ते उजेडात बघा, दिसला तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

वाचलेल्या पैशातून हेल्मेट नवीन, सेकंडहँड हेल्मेट कधीच नको. आत ईएन १०७८ किंवा सीपीएससीचं लेबल पाहिजे. भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच ढील. एकदा डोकं आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं, आतला थर्माकोल एकदाच जीव वाचवतो. आणि सरावाला पाल-यावलच्या अभयारण्यात जायचा विचार असेल तर आधी वनखात्याची परवानगी, मुलं परस्पर घुसतात ते बरोबर नाही.

प्रश्न (शहादा): मी शिक्षक आहे, तोरणमाळचा घाट चढायला आवडतो, आता शर्यतीतही उतरायचं आहे. सायकलला पुढे ३, मागे ७. सगळे म्हणतात पुढची तीन काढून एकच चक्र करा आणि मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चक्रांचा संच) टाका.

उत्तर: सर, आधी चाक काढून एक गोष्ट बघा. मागची चक्रं हाताने उलटी फिरवा आणि मधे पान्हा लावायच्या खाचा असतात त्यांच्याकडे बघा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट आहे, खाचा जागच्या जागी आणि फक्त चक्रं फिरली तर ते आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील. ७ गिअरच्या सायकलला बहुधा फ्रीव्हीलच असतं, आणि त्या हबवर ५१ ची कॅसेट बसतच नाही. म्हणजे नवीन हब किंवा चाक, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा), शिफ्टर (हँडलवरचं गिअरचं बटण), चेन, पुढचं चक्र, आणि पुढची चक्रं रिव्हेटने ठोकलेली असतील तर क्रँक (पॅडलचा दांडा) सुद्धा. जवळपास अर्धी सायकल.

आणि मिळणार काय? पुढे ३२ मागे ५१ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक ०.६३ वेळा फिरतं. पुढे २४ मागे ३४ म्हणजे ०.७१. पुढे २२ मागे ३४ असेल तर ०.६५, म्हणजे जुन्या तीन चक्रांच्या सायकलवर जवळजवळ तेवढाच हलका गिअर आधीच असतो! तुमचं फ्रीव्हील २८ दातांचं असेल तर १४-३४ चं मेगारेंज फ्रीव्हील लावा, चेनची लांबी तपासा, डिरेलर ३४ दात पेलतो का ते विचारा, काही शे रुपयांत चढ सोपा होतो.

एका चक्राचा खरा फायदा दुसराच आहे, पुढचा शिफ्टर जातो, डोकं कमी चालवावं लागतं आणि एक जाड एक बारीक दाताचं चक्र व क्लच (चेन ताणून धरणारा) असलेला डिरेलर असला की खडकाळ उतारावर चेन पडत नाही. शर्यतीत चेन पडणं फार महागात पडतं हे खरंय. पुढे कधी चांगली सायकल घेतलीत आणि तिला शिमानोच्या जुन्या पद्धतीची कॅसेट हब असेल तर त्यांच्या डिओर मालिकेची ११ गिअरची ११-५१ (सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे दात) त्याच हबवर बसते, १२ गिअरच्या १०-५१ ला मात्र मायक्रो स्प्लाइन नावाची वेगळी बॉडी लागते, एवढं लक्षात ठेवा म्हणजे दुकानात फसणार नाही.

प्रश्न (नंदुरबार): बूट अडकून बसतो ते क्लिपचे पॅडल घ्यायलाच पाहिजेत का?

उत्तर: पहिल्या शर्यतीला नाही. खिळ्यांचे चांगले सपाट पॅडल आणि पातळ कडक तळव्याचा बूट पुरतो. क्लिपचे घेतलेत तर एसपीडी (शिमानोची डोंगरात चालणारी पद्धत) घ्या, सोडायचा ताण आधी सगळ्यात ढिला ठेवा आणि गवतावर आठवडाभर पाय काढायचा सराव केल्याशिवाय डोंगरात जाऊ नका. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, जोर लावून क्रँक खराब करू नका.

प्रश्न (अमळनेर): पाऊस पडला की काळ्या मातीत चाकच फिरत नाही. चिखलाचे वेगळे टायर घेऊ का?

उत्तर: ओल्या काळ्या मातीला टायर नाही, खरं सांगतो. पन्नास पावलांत तो गारा टायरवर थर चढवतो, फोर्कच्या कमानीत आणि मागे चेनच्या वर अडकतो आणि चाक जाम. जोर लावत राहिलात तर मागचा डिरेलर मोडून चाकात जातो, तो खर्च टायरहून मोठा. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवस थांबा, तोवर मुरमाच्या, दगडाच्या रस्त्याने जा. पिकाच्या बांधावरून तर ओल्यात जाऊच नका, चाकाची चाकोरी पडली की बांध फुटतो आणि शेतकरी चिडला तर त्याचं बरोबरच आहे. शर्यतीतच चिखल लागला तर २.१ रुंदीचा, गुट्ट्या लांब लांब असलेला टायर बरा, बाजूला जागा उरते, आणि सायकल उचलून गवतावरून पळणं बऱ्याचदा चालवण्यापेक्षा लवकर होतं.

धुताना सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर गनने हबवर, पॅडलच्या मधे धार मारू नका, पाणी आत जाऊन ग्रीस धुतलं जातं. बादली, ब्रश, साबण, मग फडक्याने चेन कोरडी करून तेल, आणि वरचं तेल पुसून टाकायचं. आपल्या धुळीत चेन बाहेरून कोरडी दिसली पाहिजे, तेलकट चेनला धूळ चिकटून दात घासून जातात. स्टीलच्या इंची पट्टीने १२ जोड मोजा (एक बाहेरची आणि एक आतली कडी मिळून एक जोड), नवीन चेन बरोबर १२ इंच भरते, त्यावर १/१६ इंच वाढली की चेन बदला, नाहीतर तिच्यामागे कॅसेटही जाते.

प्रश्न (भुसावळ): शर्यतीच्या दिवशी बरोबर काय न्यायचं, काय खायचं?

उत्तर: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, मल्टिटूल, तुमच्या चेनचा एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी). ट्यूबलेस असेल तर प्लग. बाकी घरी ठेवा.

आदल्या रात्री मित्र भरीत पार्टी ठेवतील, थंडीच आहे, मोह होणारच, पण मिरची-तेलाचं भरीत शर्यत झाल्यावर खा. आदल्या रात्री साधं खाणं, सकाळी अडीच-तीन तास आधी पोहे नाहीतर पोळी, सुटण्याआधी अर्धा तास एक केळं, ते तरी आपल्याला कोणी शिकवायला नको. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन असेल तर थोडं जास्त, आणि घामात मीठ जातं म्हणून नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका, बाटलीत ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाने घाला. भुसावळला मार्चनंतर सराव सकाळी ९ च्या आत संपवा.

सायकल आदल्या संध्याकाळी बघा, सकाळी नाही. क्विक रिलीज घट्ट, हँडलच्या दोन्ही टोकांना बुच्चं, कारण उघड्या नळीवर पडलात तर ती पोटात घुसते आणि पंच सायकल तपासताना तेच आधी बघतात. नंबर मिळाला की तो हँडलला बांधताना पट्टी ब्रेकच्या पाइपभोवती आवळू नका, बांधून झाल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, आणि मग लाइनला लागा.